बॉम्बे लेडीची पावडर

१

डबी जागेवर नव्हती.

काचेच्या छोट्या कपाटाचं दार सताड उघडं होतं. किल्ली कुलपातच लोंबत होती. शंभराहून जास्त वर्षं जिथे ती पत्र्याची डबी बसून होती, तिथे फळीवरच्या धुळीत एक गोल डाग तेवढा उरला होता. कस्तुरी घाटे त्या डागाकडे बघत उभी होती. अर्ध्या तासापूर्वी तिनेच ते कपाट उघडलं होतं, तिनेच लोटलं होतं, आणि किल्ली फिरवून काढायला तीच विसरली होती.

"काकू, मी फक्त चहा द्यायला गेले होते," ती शेवटी म्हणाली. "ट्वेन्टी मिनिट्स. त्याच्यावर नाही."

काकू म्हणजे डॉ. सुप्रभा राजाध्यक्ष. रीडिंगच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. मेलेल्या माणसांची त्यांना भीती नव्हती. खोटं बोलतात ती जिवंत माणसं, हा त्यांचा अनुभव होता. निवृत्तीनंतर चार दिवस मैत्रिणीकडे ग्लासगोला आल्या होत्या, आणि हे थिसल ऑपेरा हाऊस बघायचा हट्ट त्या मैत्रिणीचा होता. स्वतः सुप्रभाताईंना ऑपेरातलं ओ की ठो कळत नव्हतं. चष्म्याची केस विसरली म्हणून त्या कस्तुरीबरोबर परत स्टेजवर आल्या होत्या, आणि समोर हे.

लोखंडी पडदा खाली होता. त्यामुळे प्रेक्षागृह दिसत नव्हतं, पण पडद्यापलीकडे बाराशे रिकाम्या खुर्च्या आहेत हे मात्र सारखं जाणवत होतं. एवढ्या मोठ्या अंधारात उजेड फक्त एका बल्बचा. स्टेजच्या मधोमध लोखंडी काठीवर तो जळत होता. नाटकघर रिकामं असलं की हा दिवा लावून ठेवायचा, इथली जुनी रीत. अडखळून कोणी पडू नये म्हणून, असं शहाणे सांगतात. भुताला एकटं वाटू नये म्हणून, असं नाटकवाले सांगतात.

"हलू नकोस," सुप्रभाताई एकदम म्हणाल्या.

छताचं काम चालू होतं आणि गिलाव्याची पांढरी भुकटी रोज स्टेजच्या काळ्या फळ्यांवर पडत असे. त्या भुकटीत मघाशी आलेल्या मंडळींच्या बुटांचे ठसे होते. आता त्या ठशांवरून आणखी एक रांग गेलेली होती. डाव्या विंगेतून निघालेली, दिव्याजवळून गेलेली, उजव्या विंगेतल्या या कपाटापाशी संपलेली.

ती अनवाणी पावलं होती. आलेली होती, परत गेलेली नव्हती.

कस्तुरीचा हात आपोआप सुप्रभाताईंच्या बाहीवर आला. "काकू," ती कुजबुजली, "ती पण अनवाणीच चालते म्हणतात."

२

'ती' म्हणजे बॉम्बे लेडी. तिची गोष्ट अर्ध्या तासापूर्वी कस्तुरीनेच रंगवून सांगितली होती.

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या सहलीला बावीस अंगठे पडले होते. पण रविवार, वरून पाऊस, त्यात भारत-इंग्लंड मॅच, आले चौघे. सुप्रभाताई, त्यांची मैत्रीण अर्चना, अर्चनाचा भाचा अंबरीश आणि हरीश कुडाळकर.

अर्चना मंडळाच्या प्रत्येक गणपतीत भावगीतं म्हणायची आणि कोणी म्हणू नका म्हटलं तरी म्हणायची. अंबरीश एडिनबराला फायनान्समध्ये होता, पण त्याचा जीव सगळा मोबाइलवरच्या भुताटकीच्या व्हिडिओंत. हरीश कुडाळकर पंचाहत्तरीचे. शहात्तर साली हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन म्हणून आलेले. डॉक्टरांनी भरलेल्या मंडळात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणारे. डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात तांबडा मफलर. बोलणं मोजकं.

आणि त्यांना फिरवणारी कस्तुरी. नागपूरची, एकोणतीस वर्षांची. इथल्या युनिव्हर्सिटीत नाट्यगृह व्यवस्थापन शिकली आणि दोन वर्षांपूर्वी याच ऑपेरा हाऊसने तिला नोकरी दिली, व्हिसासकट.

आधी तिने सगळ्यांना अगदी वरच्या गॅलरीत नेलं. चौऱ्याऐंशी पायऱ्या. अर्चना तीनदा थांबली, अंबरीशने फोनवर शूट करायच्या निमित्ताने दोनदा दम खाल्ला. हरीश कुडाळकर सगळ्यांच्या आधी वर पोचून कठड्याला टेकून उभे होते. खाली बघत होते. सुप्रभाताईंना तो चेहरा लक्षात राहिला, कारण देवळात गेलेल्या माणसाचा तसा होतो.

मग स्टेज. डाव्या विंगेतून तीन पायऱ्या चढून जायचं.

"शूज काढू नका हं प्लीज," कस्तुरी म्हणाली. "खिळे, स्प्लिंटर्स काय वाट्टेल ते असतं. हेल्थ अ‍ॅन्ड सेफ्टी."

अर्चना टाचा खटखटवत मधोमध गेली आणि दोन ओळी गाऊन मोकळी झाली. अंबरीश मागे चालत चालत शूट करत होता. सुप्रभाताई वरच्या दोरखंडांकडे बघत राहिल्या.

"हरीशकाका, या ना!"

"नको गं. गुडघा दुखतोय. मी इथंच बरा."

मग कस्तुरीने गोष्ट सांगितली. एकोणीसशे बाराचा हिवाळा. मुंबईहून एक नाटक कंपनी आली होती. तिच्यातली बावीस वर्षांची गाणारी न्यूमोनियाने वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेली. कंपनीचं जहाज ठरलेलं होतं, मंडळी घाईघाईत निघून गेली. मागे राहिली एक ट्रंक, तीत काही वेष आणि ही चेहऱ्याची पावडर. तेव्हापासून रिकाम्या स्टेजवर अनवाणी पावलं वाजतात. कधी गाणं ऐकू येतं.

सांगता सांगता तिने कपाटातून डबी आणली, झाकण उघडलं, अर्चनाला दाखवलं, अंबरीशच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. मग बिचारी मुद्दाम डाव्या विंगेपर्यंत चालत गेली. "काका, तुम्हाला इथूनच दाखवते."

हरीशकाकांनी डबीत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. कस्तुरीला वाटलं, उकडत असेल. नोव्हेंबरात.

३

नाटकघराची मॅनेजर मोरॅग साठीची, ताठ, पांढरे केस आखूड कापलेली. तिने कपाट पाहिलं, पावलं पाहिली, आणि क्षणभर तिच्याही ओठांचा रंग उतरला. मग ती सावरली. बोलणं सगळं इंग्रजीत, पण स्कॉटिश हेल असा की एडिनबराच्या अंबरीशलाही दोनदा 'सॉरी?' म्हणावं लागलं.

"भुतं किल्ल्या फिरवत नाहीत," ती म्हणाली. "किल्ली तुझ्या ताब्यात होती, कस्तुरी. चार वाजता हे नाटकघर चालवणाऱ्या ट्रस्टची माणसं येतायत. डबी मिळाली नाही तर मला पोलिसांना फोन करावा लागेल, आणि तुझं नाव द्यावं लागेल. मला दुसरा रस्ता नाही."

तीन वाजायला दहा मिनिटं होती.

सगळ्यांच्या पिशव्या, पर्सेस, कोटांचे खिसे नाटकघराच्या बारमध्ये, मघाशी चहा झाला त्याच टेबलावर रिकामे झाले. अर्चनाच्या पर्समधून लवंगा निघाल्या, अंबरीशच्या बॅगेतून तीन चार्जर. हरीशकाकांच्या खिशात बसचा पास आणि रुमाल. डबी कुठेच नाही.

कस्तुरी खिडकीपाशी गेली. सुप्रभाताई तिच्या मागे गेल्या.

"नोकरी गेली तर?"

"साठ दिवस, काकू. मग व्हिसा पण गेला." तिने नाक पुसलं. "ते पण ठीक आहे हो. पण चोर म्हणून परत जायचं? आई शाळेत शिकवते माझी. आख्ख्या कॉलनीत पेढे वाटले होते तिनं मी इथं लागले तेव्हा. तिला काय सांगू, की भुताची पावडर चोरली?"

सुप्रभाताईंना राग आला. हा त्यांचा जुना राग होता. खापर फोडायला सगळ्यात कमजोर डोकं शोधतात, तेव्हाचा. हॉस्पिटलात तो त्यांनी खूप वेळा गिळला होता.

"रडू नकोस. मला नीट सांग. त्या विंगेत जायचे रस्ते किती?"

रस्ते दोन होते. एक डावीकडून, स्टेज ओलांडून. हा उघडाच असतो. दुसरा उजव्या विंगेतलं, कपाटाला लागूनच असलेलं आगीच्या वेळचं दार. ते आतून ढकललं की उघडतं आणि मागच्या अंगणात जातं; बाहेरून मात्र किल्ली लागते. अंगणातून बारच्या मागच्या दाराने आत येता येतं, ते सिगरेटवाल्यांसाठी सताड असतं.

"आणि त्या दाराची किल्ली तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे आणि मोरॅगकडे."

"मग झालं की! तुला डबी उचलायची असती तर तू अंगणातून सरळ गेली असतीस. स्टेज कशाला ओलांडशील? ज्याच्याकडे किल्ली नाही त्यानेच ते ओलांडलं. आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडला, म्हणून पावलं परत आली नाहीत." त्या मोरॅगकडे वळल्या आणि तेच इंग्रजीत सांगितलं.

मोरॅगने ऐकून घेतलं. "चांगलं आहे. पण मग अनवाणी का?" ती म्हणाली. "या थंडीत, खिळ्यांच्या फळ्यांवरून चोर बूट काढून का जाईल, डॉक्टर?"

आणि तेवढ्यात, दारापलीकडच्या त्या काळोख्या प्रेक्षागृहातून, एका बाईचं गाणं ऐकू आलं.

४

बारीक, किनरा आवाज. शब्द कळत नव्हते. भिंतींतून झिरपत आल्यासारखा तो बारपर्यंत येत होता. अर्चनाने सुप्रभाताईंचा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मोरॅगने छातीवर हात ठेवला. हरीशकाका मात्र उभे राहिले होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

अंबरीश कुठे होता?

सुप्रभाताई प्रेक्षागृहाचं दार ढकलून आत गेल्या. लाल मखमल, सोनेरी कठडे, सगळं अंधारात बुडालेलं. वर गॅलरीत एक निळसर ठिपका हलत होता.

"अंबरीश! खाली ये आधी!"

गाणं तुटलं. दोन मिनिटांनी स्वारी खाली आली, हातात फोन आणि एक चपटा स्पीकर.

"सॉरी सॉरी. अ‍ॅटमॉस्फिअरसाठी होतं ते, काकू. जुनं रेकॉर्डिंग डाउनलोड केलंय. चहाच्या वेळी पण वाजवून पाहिलं, पण तेव्हा व्हॉल्यूम लो होता."

"चहाच्या वेळी तू इथे होतास?"

"पूर्ण वेळ. हे बघा ना, टाइम दिसतोय." व्हिडिओत दोन वाजून पंधरा ते दोन पस्तीस, सलग. गॅलरी, खुर्च्या, खाली लोखंडी पडदा. अंबरीशचं स्वतःचं तोंड जागोजागी, डोळे मोठे केलेलं. चोरी झाली तेव्हा हा पोरगा सत्तर फूट वर भूत बनवत बसला होता.

अर्चना त्या वीस मिनिटांत सुप्रभाताईंच्याच शेजारी होती आणि सुनेबद्दल बोलत होती. त्या बोलण्याला स्वल्पविरामही नव्हता, म्हणजे तिची साक्ष पक्की.

"अर्चना, तू डबीत पाहिलंस. काय होतं?"

"पावडर. काळपट, राखाडी. जुनी झाली की गुठळ्या होतात ना, तशी. फार नव्हतीच, तळाला चार चमचे." तिने अंग आखडलं. "मला नाही आवडलं बाई ते. का ते सांगता नाही येणार."

सुप्रभाताई एकट्याच परत स्टेजवर गेल्या. चालताना फळ्या कुरकुरत होत्या आणि त्या थांबल्या की कुरकुर एक क्षण उशिरा थांबत होती. त्यांनी स्वतःला दटावलं. तरीही दिव्यापाशी पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं धाडस काही झालं नाही.

कपाटातल्या फळीवर, त्या गोल डागाच्या कडेला, झाकण उघडताना सांडलेले चार-पाच कण होते. त्यांनी बोटाचं टोक ओलं करून ते टिपले. पर्समधलं छोटं भिंग काढलं. एकतीस वर्षांची सवय. लिपस्टिक विसरायच्या, भिंग नाही. बोट दिव्याखाली धरलं.

पावडर गुळगुळीत असते. हे कण खरखरीत होते, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्याला छोटी छोटी भोकं होती. मधाच्या पोळ्यासारखी जाळी. अशी जाळी त्यांनी हजारदा पाहिली होती. जळालेली मात्र थोड्याच वेळा.

सुप्रभाताई खाली फळ्यांवरच बसल्या.

ते माणसाचं हाड होतं.

५

बराच वेळ त्यांनी ते बोट तसंच वर धरून ठेवलं होतं. पुसायचं कुठे, हा प्रश्न होता.

बावीस वर्षांची पोर. कंपनीला जहाज गाठायचं होतं. ग्लासगोत दहनाची सोय तेव्हाही होती. आपल्या लोकांनी तिला अग्नी दिला असणार, आणि हाडं गोळा केली असणार. मग घाईत ती डबी राहिली. इथल्यांनी उघडून पाहिली, नाटकवाल्यांच्या ट्रंकेतली राखाडी भुकटी. त्यांना काय वाटणार? पावडर. लेबल लावून काचेत ठेवली. तेव्हापासून ती पोर तिकीट काढून बघायची वस्तू झाली होती.

आणि आज कोणीतरी तिला ओळखलं होतं.

आता पुढचं सगळं भराभर सुटत गेलं. ज्याने ओळखलं त्याने डबीत पाहिलेलं असणार. पाहिलं तिघांनी. अर्चनाला पावडर दिसली, अंबरीशला व्हिडिओ दिसला. तिसऱ्याने टोपी काढली.

पण अनवाणी का? सुप्रभाताई उठल्या आणि पावलांच्या रांगेशेजारून डाव्या विंगेपर्यंत गेल्या. बुटांचे ठसे किती जणांचे? त्यांचे स्वतःचे, अर्चनाच्या टाचांचे, अंबरीशचे, कस्तुरीचे. चौऱ्याऐंशी पायऱ्या सर्वांत आधी चढून जाणाऱ्या माणसाला इथल्या तीन पायऱ्यांना गुडघा दुखला होता. गुडघा ठणठणीत होता. कस्तुरीने शूज काढू नका म्हटलं, आणि बूट घालून स्टेजवर पाय ठेवणं त्या माणसाला जमणारं नव्हतं. म्हणून तो वर आलाच नाही. नंतर एकट्याने जायची वेळ आली तेव्हाही नाही जमलं. चोरी करतानासुद्धा त्याने बूट हातात घेतले.

असं कोण करतं? गाण्याच्या क्लासला गेलेली अर्चना करत नाही. स्टेजवर जन्म काढलेला करतो, किंवा स्टेजवर जन्मलेला.

राहता राहिली डबी. झडतीत मिळाली नाही, नाटकघरातही नसणार. कारण तो माणूस अस्थी घरात ठेवणार नाही, जमिनीवरही टेकवणार नाही. विसर्जनाची वेळ येईपर्यंत त्या कापडात बांधून झाडाला टांगायच्या, हे त्याला त्याच्या बापाने किंवा आईने दाखवलेलं असणार.

सुप्रभाताईंनी आगीच्या वेळचं दार ढकललं.

मागचं अंगण म्हणजे चार भिंती, कचऱ्याचे डबे आणि रविवारचं कुलूप लावलेलं फाटक. भुरभुर पाऊस. कोपऱ्यात एक रोवनचं झाड होतं, लाल फळांचे घोस तेवढे राहिलेले. तांबड्या फळांमध्ये तांबडं काही चटकन दिसू नये हे खरं, पण ज्याला शोधायचंय त्याला दिसतंच. डोक्याइतक्या उंचीवर, दुबेळक्यात, एक मफलर घट्ट गाठ मारून बांधलेला होता.

आले तेव्हा तो हरीश कुडाळकरांच्या गळ्यात होता. मघापासून त्यांचा गळा उघडा आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

"हात लावू नका, डॉक्टर," मागून आवाज आला. "पाया पडतो तुमच्या."

६

हरीशकाका बारच्या मागच्या दारात उभे होते.

"नाही लावत," सुप्रभाताई म्हणाल्या. "तुम्ही ओळखलं कसं? मी पॅथॉलॉजिस्ट असून मला भिंग लागलं."

ते पावसात आले. झाडाखाली उभे राहिले.

"माझे वडील दशावतारी कंपनीत होते. बायकांची कामं करायचे. राधा, द्रौपदी. मी पेटाऱ्यावर झोपून वाढलो. मंडळात कोणाला सांगितलं नाही कधी. तिथे सगळ्यांचे वडील हेडमास्तर नाहीतर मामलेदार." ते जरासे हसले. "मी नऊ वर्षांचा असताना मालवणच्या पुढे एका गावात ते गेले. हिवताप. कंपनीला पुढच्या जत्रेची सुपारी होती. लोकांनी तिथेच दहन केलं आणि अस्थी रंगाच्या डबीत भरल्या. दुसरं भांडंच नसायचं हो आमच्याकडे. तोंडाला लावायचा सफेदा ज्या डबीत, त्याच डबीत. अकरा दिवस ती डबी प्रत्येक मुक्कामाला झाडाला टांगायचे. मी खाली बसून राखण करायचो. त्या पोरीनं झाकण उघडलं आणि माझी टोपी आपोआप खाली आली. मला आत बघायचीसुद्धा गरज नव्हती."

"मोरॅगला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? मी कोण? एक्स-रे काढणारा म्हातारा. ती म्हणाली असती, कमिटीला विचारते. कमिटीने तपासणीला पाठवली असती, मग आणखी एका कपाटात. मी ठरवलं, संध्याकाळी फाटक उघडलं की तिला क्लाइडच्या पाण्यात सोडायचं आणि उद्या येऊन सांगायचं, मी नेली. काय करायचं ते करा."

"उद्या?" सुप्रभाताईंचा आवाज चढला. "चार वाजता ते कस्तुरीचं नाव पोलिसांना देणार आहेत! नोकरी जाणार, साठ दिवसांत देश सोडायचा. आत बसून ऐकत नव्हतात का तुम्ही?"

"नोकरी जाईल हे ऐकलं. व्हिसाचं नाही ऐकलं." ते गोरेमोरे झाले. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मला वाटलं, एक दिवस ओरडा खाईल. उद्या मी आलो की मिटेल."

"कुडाळकर, मेलेल्या मुलीसाठी तुम्ही बूट काढलेत. जिवंत मुलगी तुमच्या पायाखाली आली ते दिसलं नाही."

बोलल्यावर सुप्रभाताईंनाच वाईट वाटलं. पण शब्द खरा होता, आणि हरीशकाकांनी तो तसाच घेतला. मग थंडीने वाकड्या झालेल्या बोटांनी त्यांनी गाठ सोडवायला घेतली.

"चला," ते म्हणाले. "चार वाजायच्या आत."

७

बारच्या टेबलावर त्यांनी डबी ठेवली नाही. दोन्ही हातांत धरून ते मोरॅगसमोर उभे राहिले आणि चाळीस-पन्नास वर्षं जुन्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, मी नेली. मुलीचा काही दोष नाही."

काय आहे ते सुप्रभाताईंनी सांगितलं. हाडाची जाळी कशी असते, जळल्यावर कशी दिसते, त्यांना किती खात्री आहे. शंभर टक्के. लॅबमध्ये हवं तर तपासा, त्यांची सही हवी असेल तर ती घ्या. पण माणसाच्या अस्थी तुमच्या यादीत लिहिल्या म्हणून तुमच्या होत नाहीत, आणि यांनी तुमच्या घरातून वस्तू नेलेली नाही.

अर्चना रडू लागली. अंबरीशने फोन खिशात घातला, आणि आज पहिल्यांदाच तो घातला.

मोरॅग हळूच खुर्चीत बसली. तिचा उजवा हात वर गेला आणि दोन बोटं कपाळावर टेकली. टेकलेलीच राहिली.

"पहिल्या प्रयोगाच्या आधी," ती म्हणाली. "प्रत्येक नव्या शोच्या. सगळी कास्ट विंगेत रांगेने उभी राहते. लेडीची पावडर कपाळाला लावायची, एक चिमूट. त्याशिवाय पडदा वर जात नाही. मी इथे आले त्याच्या आधीपासून आहे ते. माझ्या आधीच्या मॅनेजरने मला लावलं, मी बाकीच्यांना लावलं. सव्वीस वर्षं. आम्हाला वाटायचं, लकी असतं." तिचा आवाज फुटला. "डबी कधीकाळी भरलेली होती म्हणे. गळ्यापर्यंत."

डबीत आता तळाला चार चमचे होते. उरलेली ती कुठे गेली हे खोलीतल्या प्रत्येकाला एकदमच कळलं. सुप्रभाताईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं.

हरीशकाका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डबी छातीशी धरली. मग मराठीतच, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "म्हणजे दर पहिल्या प्रयोगाला स्टेजवर गेली म्हणायची. चुकवला नाही एकही."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. ट्रस्टची माणसं. मोरॅग उठली, डोळे पुसले, जाकीट सारखं केलं. त्यांना ती स्वतः सांगणार होती. पोलीस नाहीत, तक्रार नाही, आणि पाऊस ओसरला की या लोकांबरोबर तीही नदीवर जाणार. ट्रस्टला पटलं तर ठीक, नाही पटलं तर दुसरी मॅनेजर बघा. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"कस्तुरी. मी तुझ्यावर आळ घेतला. मला तुझी माफी मागायची आहे."

"माझी नंतर," कस्तुरी म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण मान ताठ होती. "आधी हिची. मला पण मागायची आहे. दोन वर्षं मी लोकांना हिच्या नावानं घाबरवून हसवलंय. मला तरी कळायला हवं होतं."

मोरॅगला ते कसं करायचं हे माहीत नव्हतं. ती हरीशकाकांसमोर आली, त्यांच्या हातांतल्या डबीच्या झाकणावर तिने आपला हात ठेवला.

"सॉरी, हेन," ती म्हणाली. ग्लासगोच्या बायका आपल्या लेकींना अशीच हाक मारतात.

मग तिने मान वर करून एकेकाकडे पाहिलं. "तिचं नाव काय होतं?"

कोणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ते कोणी विचारलंही नव्हतं.